डाव्या कानाची बाजू

अनसिंग, १२ नोव्हेंबर १९४६

जहाजावर डायरी ठेवायला बंदी होती. जहाज शत्रूच्या हाती पडलं तर आपण कुठून कुठं गेलो हे त्याला कळू नये म्हणून. नेव्हीत होतो तोवर मी एक अक्षर लिहिलं नाही. आता लढाई संपली. वांग्याला पाणी कधी दिलं हे कोणाला कळलं तर खुशाल कळो.

माझं नाव शालिकराम. मराठी सातवी पास. बेचाळीस साली मुंबईला जाऊन नेव्हीत भरती झालो, तोफेवर होतो. लढाई संपल्यावर काही महिने इस्पितळात काढले आणि या चैतात घरी आलो. घरी माय आहे, आवडाबाई. बाप मी समुद्रावर असतानाच गेला. थोडं बागाईत आहे, विहीर आहे, मोटेचे दोन बैल आहेत. वांगी, मेथी, मुळे, सांभार म्हणजे कोथिंबीर. दर मंगळवारी डोक्यावर टोपली घेऊन गावच्या बाजारात बसतो. गावात मला नेवीवाला म्हणतात.

कानांचं इथं खरं लिहितो. गावात मी सांगितलं आहे की तोफेच्या आवाजानं कान थोडे मंद झालेत. थोडे नाहीत. उजवा कान पार गेला. डाव्यात कोणी जवळून, सावकाश बोललं तर उतरतं. दोन्हींत रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजत असते, ज्वारीच्या वावरात रातकिडे असतात तशी. आता तिची सवय झाली आहे. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला होता, डावाही हळूहळू जाईल. मायला हे सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? ती गावभर रडेल आणि मला ऐकू येणार नाही.

एरवी मी सुखी आहे, हेही लिहून ठेवतो. सकाळी मोट चालू असते, पाटातून पाणी वाफ्यात शिरतं. पायाखालची जमीन हलत नाही. ही काय लहान गोष्ट आहे?

१९ नोव्हेंबर

बाजार. आमच्या बांधाला, धुऱ्याला, लागून लखीरामकाकाचं बागाईत आहे. त्यांची पोरगी पंचफुला. तिचा नवरा तापानं गेला तेव्हापासून ती बापाजवळच असते, बाजारही तीच करते. आज तिनं आपली टोपली उचलून माझ्या डाव्या हाताला आणून ठेवली. कडुनिंबाची सावली नेमकी तिथंच पडते. मला सरकून उन्हात बसावं लागलं.

मी म्हणालो, "उजवीकडं एवढी मोकळी जागा हाय न."

"मले इथंच बरं वाटते," ती म्हणाली.

हट्टी बाई आहे. पण एक खरं, तिचं बोलणं फार स्वच्छ आहे. मेथीची जुडी निवडून, धुऊन, बांधून ठेवावी तसा एकेक शब्द. बाकीचे लोक तोंडात तंबाखू धरून बोलतात, नाहीतर मान खाली घालून बोलतात. ही तोंड समोर करून बोलते. उपजतच तसं असेल.

गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा तिनं विचारलं, "समुद्र म्हंजे केवढं पानी असते?"

मी म्हणालो, "वावरात मधोमध उभं राहा. आता धुरा काढून टाक, झाडं काढून टाक, गाव काढून टाक. सगळीकडं नुसतं वावरच वावर, आभाळाले टेकलेलं. अन् ते वावर हालून राह्यलं."

तिनं डोळे मिटले. बहुतेक झाडं काढत असावी. मग म्हणाली, "निंब राहू द्या. सावली लागते."

२१ नोव्हेंबर

बहिऱ्यानं जगात कसं वागावं याची एक रीत आहे, ती मला चांगली साधली आहे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहायचं. तो हसला की हसायचं. त्यानं सुस्कारा सोडला की "हो ना" म्हणायचं. तो थांबून आपल्याकडं पाहू लागला की दोनदा मान हलवायची. दहातल्या नऊ वेळा निभतं, आणि लोक म्हणतात, शालिकराम मोठा समजूतदार माणूस, कोणाचं बोलणं मधी तोडत नाही.

आज माय चुलीपाशी बसून बराच वेळ काही सांगत होती. मी मान हलवली. तिला फार आनंद झालेला दिसला. जेवणात आज शेंगदाण्याची चटणी आणि लोणी होतं.

२६ नोव्हेंबर

बाजार. पंचफुला पुन्हा सावलीत, मी उन्हात.

आज तिनं एक नवीनच काम सुरू केलं. गिऱ्हाईक माझ्यापुढं उभं राहून भाव करू लागलं की ही मधेच तोंड घालते. "वांगी काटेरी हायेत बाई, आजच तोडलेली, कमी नाही होनार." मग माझ्याकडं वळून एक-एक शब्द सांगते, "बाई म्हन्ते, दोन मुळे वरून द्या." माझा माल तिच्या मालाआधी संपला. तरी मला जरा राग आला. माझ्या तोंडाला काय झालंय? पण संध्याकाळी टोपली रिकामी घेऊन घरी येताना तो राग काही टिकला नाही.

तिचा आजचा प्रश्न : एवढ्या पाण्यात राहून तहान लागत होती का?

सांगितलं. गोडं पाणी मोजून मिळायचं, आणि आंघोळ खाऱ्या पाण्याची. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, अंगाला नुसता चिकट थर बसतो. पहिल्या महिन्यात मला अन्न पचत नव्हतं, बोट हलली की पोटातलं सगळं बाहेर. तेव्हा सेवालाल मला धरून कठड्यापाशी नेत असे. सेवालाल मेडशीजवळच्या तांड्यावरचा. साऱ्या जहाजात आम्ही दोघंच वऱ्हाडी. बाकी पंजाबी, मद्रासी, कोकणी, बंगाली. आम्ही बोलू लागलो की सगळे थांबून ऐकत आणि "काहून, काहून" म्हणून आमची नक्कल करत. अरबी समुद्रावर एक पंजाबी माणूस एका मद्राश्याला "काहून बे?" म्हणताना मी ऐकलं आहे. तेव्हा ऐकू येत होतं.

हे शेवटचं वाक्य मी तिला बोललो नाही. निदान मला तरी तसं वाटतं. पण तिनं एकदम माझ्या टोपलीवर आपला ओला फडका टाकला, मेथी कोमेजू नये म्हणून.

३ डिसेंबर

बाजार. आज सुरुंगांचं सांगितलं. आमचं जहाज लहान, काम पाण्यातले सुरुंग काढण्याचं. शत्रू रात्रीतून पाण्यात लोखंडी गोळे सोडून जातो. ते तळाला साखळीनं बांधलेले असतात, पाण्याखाली दडून डुलत राहतात. मोठं जहाज वरून गेलं, धक्का लागला, की संपलं. आमच्या जहाजामागं लांब तार सोडलेली असे, तिला कातऱ्या. साखळी कापली की गोळा वर येतो आणि मग त्याच्यावर गोळी झाडायची.

"म्हंजे डवरनीच," पंचफुला म्हणाली. "तन काढाचं, मागच्याचं पीक वाचवाचं."

मला हे कधीच सुचलं नव्हतं. आमच्या मागून जहाजांची रांग येत असे, अन्नधान्य, शिपाई, घोडे, औषधं घेऊन. आमच्याकडं कोणी हात हलवत, कोणी पाहतही नसत. सकाळपासून अंधार पडेपर्यंत आम्ही समुद्र डवरत होतो. भीती वाटायची का, असं तिनं विचारलं. म्हटलं, पहिल्या आठवड्यात प्रत्येक पावलाला. मग भीतीचाही कंटाळा येतो. लाटेवर ऊन पडलेलं असतं, उडणारे मासे पाण्यातून निघून पाखरांसारखे थवेच्या थवे उडतात, आणि माणूस विसरतो की खाली काय आहे.

"मासे उडतेत?"

"उडतेत."

"खोटं."

"मायची आन."

ती इतकी हसली की पलीकडचा मीठवाला वळून पाहू लागला. हसण्याचा आवाज मला आला. चांगला, पुरा आला.

१० डिसेंबर

बाजार. आज तिनं सरळ विचारलं, "कान कसे गेले?"

मी म्हणालो, "गेले कुठं? थोडे मंद हायेत."

ती हातातली जुडी खाली ठेवून माझ्याकडं वळली. नुसती पाहत राहिली. मग मी सांगितलं. हे मी मायलाही सांगितलेलं नाही.

पंचेचाळीस सालचा जानेवारी. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, अराकानकडं. तिकडं समुद्र जमिनीत शिरतो, खाड्याच खाड्या, दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली झाडं. आमचं जहाज अशा एका खाडीत वर गेलं. किनाऱ्यावर उतरलेल्या आपल्या शिपायांच्या पुढं तोफा डागायच्या होत्या. मी तोफेच्या डाव्या बाजूला बसायचो, नळीची उंची वरखाली करायचं चाक माझ्या हातात. म्हणून उजवा कान तोफेला लागून. सेवालाल मागं गोळे भरायला. कानात कापूस कोंबलेला. आम्ही दोघं म्हणायचो, हा वऱ्हाडचाच कापूस असला पाहिजे, घरून आपल्यासाठी आला.

झाडीतून त्यांची एक तोफ आमच्यावर मारू लागली. पहिला गोळा मागं पडला, दुसरा पुढं. पाण्याचा खांब उभा राहिला आणि आमच्यावर कोसळला, चिखल, पाणी, मेलेले मासे. आम्ही मारत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. नळीवरचा रंग फुगून पापड्यांसारखा सुटला. कापूस केव्हा पडला कळलं नाही. काढायला, घालायला हात मोकळा नव्हता. मग एकाएकी समोरची तोफ बंद झाली. आमचीही थांबली. सगळं इतकं शांत झालं की मला वाटलं, वा, झालं, संपलं.

वळून पाहिलं तर सेवालाल माझ्याकडं पाहून तोंड हलवत होता. आवाज नाही. मला वाटलं थट्टा करतो, मुक्याचं सोंग करतो. मी हसलो. तो आणखी जोरात तोंड हलवू लागला, मी आणखी हसलो. मग त्याचा हात दिसला. तोफेचं झाकण लागताना दोन बोटं सापडून गेली होती आणि तो ओरडत होता.

पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं, रडू नको, सेवालाल मजेत आहे, तांड्यावर शेती करतो, बायको आहे, लेकरं आहेत. आणि आपल्या शिपायांनी ती खाडी घेतली. त्या संध्याकाळी आमच्या कप्तानानं सगळ्यांपुढं आम्हा दोघांचं नाव घेतलं. म्हणजे सेवालालनं मला नंतर कागदावर लिहून सांगितलं की घेतलं.

"मंग तुमाले काहीच ऐकू नाही आलं त्या दिवशी?"

"तीन दिवस. मग डावा थोडा परत आला."

"डावा," ती म्हणाली. आपल्याशीच म्हणाल्यासारखी. पण तोंड समोर होतं, म्हणून कळलं.

बरं वाटलं सांगून. घरी येताना वाटेत उगाच गात होतो. लोक पाहत होते. मोठ्यानं गात असेन.

१४ डिसेंबर

दुपारी लखीरामकाका आले. मी वांग्यांच्या सरीत होतो. ते धुऱ्यावर माझ्या उजव्या हाताला बसले, पानसुपारी काढली आणि वांग्यांकडं पाहत पाहत बोलू लागले. म्हातारा माणूस, दाढी वाढलेली, ओठ दिसत नाहीत, आणि बोलणं जमिनीशी. काही केल्या एक शब्द हाती लागेना. मधे "मालेगाव" असं वाटलं. मेडशीच्या वाटेवरचं मालेगाव, तिथल्या बाजाराचं काही असेल. मी रीतीप्रमाणं "हो ना" म्हणत गेलो. शेवटी ते थांबले आणि माझ्याकडं पाहू लागले. मी दोनदा मान हलवली.

त्यांनी पानसुपारी परत बांधली. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे ओले दिसले, वारा होता, कचरा गेला असेल. मागं एकदा वांग्याची रोपं मागत होते, तीच मागायला आले असणार म्हणून मी चांगली निवडून, ओल्या पोत्यात बांधून दिली. घेतली नाहीत. धुऱ्यावरच विसरून गेले.

उद्या नेऊन देईन.

१७ डिसेंबर

बाजार. पंचफुला आज माझ्याजवळ बसली नाही. पार टोकाला, बांगड्यांच्या दुकानापलीकडं जाऊन बसली. सावली मला मिळाली. सावलीत थंडी वाजत होती.

एका बाईनं काहीतरी विचारलं, मी मुळे दिले, तिला सांभार हवा होता. ती चिडून गेली. अर्धा माल परत आणला.

१८ डिसेंबर

राहून गेलेली रोपं घेऊन लखीरामकाकांकडं गेलो होतो. पंचफुला दारात होती. मला पाहून आत गेली. रोपं ओट्यावर ठेवून आलो.

२४ डिसेंबर

बाजार. पुन्हा टोकाला. मी दोनदा तिकडं पाहिलं. दुसऱ्यांदा तीही इकडंच पाहत होती, मग नजर वळवली. मी काय केलं? उडणाऱ्या माशांचा राग तर आला नसेल?

घरीही काही ठीक नाही. माय रोज काही ना काही बोलते, हात ओवाळून बोलते, मी मान हलवतो, आणि तिचा राग वाढतो. आज तिनं पळी आपटली. पळीचा आवाज मला आला नाही, पण तवा उडालेला दिसला.

माझं सुख पातळ झालं आहे. नेव्हीत असताना ज्या जागेवर सुरुंग नाही म्हणून नकाशात दाखवलेलं असे, तिथंच हमखास निघे. तसंच हे.

२८ डिसेंबर

काल मोटारीनं मेडशीला गेलो, सेवालालकडं. सेवालाल तांड्याच्या वाटेवरच भेटला. तीन बोटांच्या हातानं त्यानं माझी मान धरली आणि डाव्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काय बे, बहिऱ्या!" जगात मला असं म्हणायची परवानगी एकट्या सेवालालला आहे.

त्याची बायको रामीबाईनं भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. पंचफुलाचं, बाजाराचं, लखीरामकाका आले होते त्याचं.

"म्हातारा काय म्हनला?"

"रोपांचं म्हनत असन."

"तू ऐकलं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मुंडी हालवली?"

"हालवली."

सेवालालनं कपाळावर हात मारला. मग रामीबाईला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, ती पदर तोंडाला लावून हसू लागली. मग मला म्हणाला, "अरे यार, तुह्या या मुंडीनं माह्ये किती हाल केले! त्या गोऱ्या साहेबानं इचारलं होतं, जहाजाच्या बाहेरून रंग कोन लावनार, अन् तू मुंडी हालवली. तुह्यासंग मीबी दोरीले लटकलो, खाली मगरी असलेल्या खाडीत!"

खरं आहे. तो प्रसंग खाडीच्या लढाईनंतरचा. मी कान गेल्याचं जहाजावरही दडवलं होतं. मला इस्पितळात टाकून जहाज पुढं जाईल याची भीती होती.

"शालिकराम, मोठ्या मानसाच्या डोयात पानी रोपासाठी येत नसते," सेवालाल म्हणाला. "जाय. त्याले सांग, मले ऐकू आलं नाही. एवढंच सांग. तोफेपुढं बसला, अन् हे सांगाले भेतं?"

मी त्याला सांगितलं नाही, पण हो, तोफेपुढं बसणं सोपं होतं. तिथं कोणी दया करत नव्हतं.

२९ डिसेंबर

सगळं नीट आठवून लिहितो.

सकाळी मोट न जुंपता लखीरामकाकांकडं गेलो. ते ओट्यावर दोरी वळत होते. पंचफुला दाराशी मेथी निवडत होती, मला पाहून उठू लागली. मी जाऊन काकांच्या उजव्या हाताला बसलो, म्हणजे ते माझ्या डावीकडं येतील. म्हणालो, "काका, त्या दिवशी तुमी बागाइतात आले होते. तुमी काय बोलले ते मले ऐकू आलं नाही. एक शब्दबी नाही. मले वाटलं रोपं मांगून राह्यले. मले उजव्या कानानं काहीच येत नाही. डाव्यानं थोडं येते, अन् तोबी जानार हाय. पुन्हा सांगा, इकडून सांगा."

म्हातारा माझ्याकडं पाहतच राहिला. मग पंचफुलाकडं वळून काही बोलला. तिनं उत्तर दिलं. दोघंही भराभर बोलू लागले, ती हात नाचवत, मान वळवत, अर्धं तोंड पदराआड. मी दोघांच्या तोंडाकडं पाहत होतो आणि मला तिचा एकही शब्द कळेना.

तेव्हा ध्यानात आलं. तिचं बोलणं स्वच्छ नाहीच. तीही गावातल्या सगळ्यांसारखीच भरभर, पुटपुटत, शब्द गिळून बोलते. तो एकेक शब्द धुऊन ठेवायची ती फक्त माझ्यासाठी. आणि डाव्या बाजूला बसायची, ते सावलीसाठी नव्हतं. मी किती मोठा मूर्ख आहे हे मला तिथं ओट्यावर बसल्या बसल्या कळलं, आणि इतका आनंद मला नेव्हीतून सुटलो त्या दिवशीही झाला नव्हता.

काका माझ्या डाव्या कानाशी आले. म्हणाले, "मालेगावचा एक दुकानदार हाय. बायको वारली त्याची. पंचफुलाले पाट लावून नेतो म्हन्ते. पोरगी म्हने, हो म्हनाच्या आधी शालिकरामले इचारा, त्याच्या मनात काय हाय. मी तुले इचारलं, का गा, हे स्थळ हो म्हनू का? तुही काही हरकत नाही न? तू दोनदा मान हालवली."

"नाही!" मी म्हणालो. "हो म्हनू नका! मालेगावले हो म्हनू नका!"

आपला आवाज केवढा निघतो ते मला कळत नाही. काकांची म्हैस दावं ओढून मागं सरली. शेजारच्या भिंतीवर दोन बायकांची डोकी वर आली. समोरच्या घरातून एक म्हातारा काठी घेऊन धावत बाहेर आला. त्याला वाटलं साप निघाला.

"पन मी शब्द देऊन बसलो," काका म्हणाले. "संक्रांतीले ते लोक येनार हायेत."

मग पंचफुला पुढं आली. माझ्या समोर बसली, पदर मागं सारला, तोंड वर केलं आणि बापाशी बोलली, पण बोलली अशी की मला प्रत्येक अक्षर यावं. "शब्द तुमी देला, बाबा. मी नाही."

नंतर मला म्हणाली, "मालेगावले नाही म्हनाचं. मंग कोनाले हो म्हनाचं?"

"मले," मी म्हणालो. "पन आधी समजून घे. डावाबी जानार हाय. डॉक्टर म्हनला. मंग मी ठार बहिरा."

"डोये जानार हायेत का?"

"नाही."

"मंग झालं," ती म्हणाली. भिंतीवरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. काकांनी दोरी खाली ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. आज वारा नव्हता.

घरी येऊन मायला सांगितलं. कानांचं सगळं खरंही सांगितलं. ती आधी रडली, मग तिनं मला पाठीत एक धपाटा घातला. नोव्हेंबरपासून ती मला हेच विचारत होती म्हणे, पंचफुला सून म्हणून करू का? मी एकदा मान हलवली होती आणि तिनं त्या दिवशी लोणी वाढलं. मग लखीरामकाकांना भलतंच सांगितलं असं ऐकून तिनं मला जाब विचारला, तरी मी मानच हलवत राहिलो.

आता मायसमोर मान हलवायची नाही असं ठरलं आहे. कळलं नाही तर हात वर करायचा.

३१ डिसेंबर

बाजार. साऱ्या अनसिंगला माहीत झालं आहे. मीठवाला मला पाहून ओरडला, "मालेगावले हो म्हनू नका!" आणि हा हा करत बसला. त्याचं ओरडणं मला ऐकू आलं नाही, पंचफुलानं सांगितलं. ती माझ्या डावीकडं होती. मी म्हटलं, सावली तूच घे. ती म्हणाली, थंडीच्या दिवसांत सावली कोणाला पाहिजे, आपण दोघंही उन्हात सरकू. सरकलो.

१६ जानेवारी १९४७

मालेगावचा निरोप आला. दुकानदार म्हणतो, बरंच झालं, मलेबी एवढी बोलनारी बाई नोको होती.

९ फेब्रुवारी

आमचा पाट लागला, लग्न झालं. सेवालाल आणि रामीबाई आले होते. सेवालालनं पंगतीत सगळ्यांना खाडीची लढाई सांगितली. त्याच्या सांगण्यात जपान्यांच्या तोफा सात होत्या. मी हात वर केला. तो म्हणाला, बहिऱ्यानं मधी बोलू नये.

५ मार्च

आज दुपारी मोट सोडून बैलांना चारा टाकला आणि विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसलो होतो. पंचफुला भाकर घेऊन आली. गेल्या पंधरा दिवसांत डाव्या कानाला आणखी कमी येऊ लागलं आहे. तिला ते माझ्याआधी कळलं. ती आता जवळ येऊन, तोंड अगदी समोर धरून बोलते. मला फार वाईट वाटेल असं मी समजत होतो. वाटलं, पण फार नाही. आज वांग्यांना फूल भरपूर आहे.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "तुमी मले समुद्राचं सगळं सांगतलं. रंग सांगतला, मासे सांगतले. आवाज नाही सांगतला. समुद्राचा आवाज कसा असते?"

मी विचार करत बसलो. खरंच कधी सांगितला नव्हता. आणि आठवू गेलो तर तो होता, जसाच्या तसा. मोटेचा आवाज आता पुसट झाला आहे, मायचा आवाजही मला नीट आठवावा लागतो. पण समुद्र शांत असताना सकाळी जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, पहारा असे, खाली पाणी कापलं जाई, ते दोन बाजूंना फाटत मागं निघून जाई, तो आवाज माझ्यात पुरा शाबूत आहे.

मी तिला म्हटलं, इकडं ये. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तो काढला. ओठ जवळ आणून, हळू, श्वास सोडत, मधेच थोडा वाढवत, जहाज लाटेवर चढतं तसा, मग खाली येताना पसरत, लांब, मागं मागं जात विरणारा. मला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. बरोबर निघतो आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरूनच पाहायचं होतं. तिनं डोळे मिटले होते आणि ती हलत नव्हती. तिच्या कानामागचे केस तेवढे हलत होते.

माझा श्वास संपला, मी थांबलो. तिनं डोळे उघडले नाहीत. तसंच तोंड माझ्यासमोर धरून म्हणाली, "पुन्हा करा."